केवळ दर समिती

प्रभाकर घागांना कुणी काका म्हटलं तर ते ऐकून घेत. हल्ली दाढीवाले बाप्येसुद्धा दुसऱ्या दाढीवाल्यांना काका म्हणतात, त्यामुळे तो शब्द मनावर घेण्यात काही अर्थ राहिलेला नाही. पण त्या रविवारी सकाळी केबलवाला भगवान भोईर जिन्यात, सगळ्या बिऱ्हाडांची दारं उघडी असताना जे बोलला, ते मात्र त्यांच्या थेट काळजात घुसलं.

झालं ते असं. डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर, 'प्राजक्त' नावाची सोसायटी आहे. तिथे भगवान दर महिन्याला स्वतः वसुलीला येत असे. या खेपेला बेसिक पॅकचा दर वाढला होता. आकडा सांगण्यात अर्थ नाही, कारण ही गोष्ट वाचून होईपर्यंत तो पुन्हा बदललेला असेल. प्रभाकरांनी पाकीट काढलं आणि नेहमीची कुरकुर केली. कुरकुर हा पैसे देण्याचाच एक भाग आहे, अशी त्यांची समजूत होती. तिकडून पावती मिळते, इकडून कुरकुर द्यायची, विषय संपला.

पण भगवानने त्यांच्याकडे मोठ्या मायेने पाहिलं आणि म्हणाला, "राहूद्या साहेब. सीनियर सिटिझनकडून आपण वाढीव घेत नाय."

प्रभाकर घागांचं वय चौपन्न. केस काळेभोर. ते कुणी केले आणि कधी केले हा प्रश्न इथे गैरलागू आहे. ठाण्याला वागळे इस्टेटीतल्या पंप बनवणाऱ्या कंपनीत ते हिशेब बघत आणि तिथली माणसं त्यांना अजून 'घाग' म्हणत, 'घागकाका' नाही. समोरच्या दारात दुधाची पिशवी घेऊन उभे असलेले सोसायटीचे सेक्रेटरी राजरत्न गमरे खुदकन हसले. आत स्वयंपाकघरात उत्तराबाईंनी कुकरचं झाकण विनाकारण आपटलं, म्हणजे त्याही हसत होत्या.

"मी पूर्ण दर देणार," प्रभाकर म्हणाले. "आणि हा दर कायद्यात बसतो का, तेही बघणार."

"बघा ना, बिनधास्त बघा," भगवान म्हणाला आणि वरच्या मजल्यावर गेला. त्या 'बिनधास्त'मध्ये जी बेफिकिरी होती, तिने उरलीसुरली कसर भरून काढली.

गमरे टपाल खात्यात होते आणि अर्ज या गोष्टीवर त्यांची नितांत श्रद्धा होती. जगात अन्याय आहे तो अर्ज कमी पडल्यामुळे, असं त्यांचं मत. ते दुधाची पिशवी तशीच हातात घेऊन घागांच्या हॉलमध्ये येऊन बसले.

"घागसाहेब, बेसिक पॅकच्या दराला मर्यादा असते. हे लोक वाटेल ते घेतात, कारण विचारणारा नाही. तुम्ही विचारा."

"कुणाला?"

"पालिकेला. वायर कुठून आली? पालिकेच्या खांबावरून. मग जबाबदारी कुणाची?"

हे तर्कशास्त्र प्रभाकरांना बिनतोड वाटलं. उत्तराबाई म्हणाल्या, "एवढ्यासाठी रजा टाकणार? त्यापेक्षा तो वाढीव पैसे सोडत होता, ते सोडू द्यायचे." त्यावर प्रभाकर नुसते हसले. तत्त्वाचा प्रश्न आहे हे बायकोला समजावण्याच्या भानगडीत ज्यांना तत्त्वं टिकवायची असतात ते पडत नाहीत. मुलगी क्षिप्रा लग्न होऊन घोडबंदर रोडला राहते, तिने फोनवर सांगितलं, "बाबा, आता केबल बघतं कोण? आजीला मोबाइलवर लावून द्या ना." आजी म्हणजे प्रभाकरांच्या आई, रंगूबाई. त्यांनी पलंगावरून एवढंच विचारलं, "म्हणजे माझी सिरियल बंद करणार काय रे तू?"

"तसं नाही गं आई. उलट स्वस्तात दिसेल."

"मला आहे तशीच दिसली तर चालेल," रंगूबाई म्हणाल्या. दोन वर्षं चाललेल्या त्या मालिकेतल्या संचिताचं लग्न आता कुठे ठरलं होतं. त्याआधी ते तीनदा मोडलं होतं, एकदा तर अक्षता पडताना.

पालिकेच्या प्रभाग कार्यालयातल्या कारकुनाने प्रभाकरांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमची तक्रार वायरची आहे की चित्राची?"

"दराची."

"दर आमच्याकडे नाही. आमच्याकडे वायर."

"चित्र कुणाकडे?"

"चित्र टीव्हीत."

हा माणूस आपली चेष्टा करतोय की नोकरी, हे प्रभाकरांना कळेना. पण कारकून मनाने वाईट नव्हता. एवढ्या लांबून माणूस आलाय, रिकाम्या हाताने कसा पाठवायचा, या भावनेने त्याने अर्ज घेतला, वर जोरात शिक्का मारला आणि विषयाच्या रकान्यात आपल्याला जमेल तसं लिहून टाकलं: 'कोपर येथील खांबांवरील अनधिकृत केबलबाबत'. प्रभाकरांनी शिक्का पाहिला. विषय पाहिला नाही. शिक्का चांगला गोल, ठसठशीत आणि जांभळा उमटला होता आणि तेवढ्याने माणसाचं समाधान होतं, हे खुद्द शासनालाही ठाऊक आहे.

"दरासाठी तुम्ही ठाण्याला जा," कारकून म्हणाला. "तिथे करमणूक शाखा आहे."

ठाण्यातल्या त्या सरकारी इमारतीत करमणूक शाखा शोधायला प्रभाकरांना दोन मजले आणि एक उपाहारगृह पालथं घालावं लागलं. शेवटी एका कपाटामागे पाटी सापडली. पाटीखाली समीक्षा मॅडम नावाच्या अधिकारी बाई बसल्या होत्या. करमणूक कर गेल्यापासून या शाखेत करमणूक अशी उरलेली नव्हती. मॅडमना इतर शाखांची कामं करावी लागत. त्यामुळे कुणीतरी खास त्यांच्याच शाखेचं काम घेऊन आलंय म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी प्रभाकरांना खुर्ची दिली. सरकारी कचेरीत खुर्ची मिळाल्यावर माणसाने सावध व्हायला हवं, प्रभाकर सुखावले.

"दर तसे वरूनच ठरतात," मॅडम म्हणाल्या. "पण इथल्या बेसिक पॅकचा दर नियमात बसवून जाहीर करायला आपली एक स्थानिक समिती आहे."

"अरे वा! मग ती काय करते?"

"काहीच नाही. तिला ग्राहक प्रतिनिधी नाही. आधीचे गृहस्थ नाशिकला मुलाकडे गेले, तेव्हापासून बैठकच झाली नाही." मॅडमनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्हाला हिशेबातलं कळतं?"

"आयुष्य त्यातच गेलं."

"मग तुम्हीच या ना."

प्रभाकर घाग तक्रारदार म्हणून जिना चढले होते आणि 'केबल दर संनियंत्रण समिती'चे अशासकीय सदस्य म्हणून उतरले. उतरताना चाल बदलली होती. हात मागे बांधले गेले होते. ठाणे स्टेशनच्या पुलावरून ते पूर्वेला कोपरीत उतरले आणि तिथल्या ओळखीच्या छापखान्यात शंभर व्हिजिटिंग कार्डांची ऑर्डर देऊन आले.

कार्डं सुरेख आली. कोपऱ्यात छोटा टीव्हीही छापला होता. डब्यातलं पहिलं कार्ड त्यांनी गमऱ्यांना दिलं. गमऱ्यांनी ते लांब धरून मोठ्याने वाचलं:

"प्रभाकर घाग. सदस्य, केवळ दर संनियंत्रण समिती." मग मान वर केली. "केवळ दरच का हो? बाकी काही नाही?"

शंभरच्या शंभर कार्डांवर 'केबल'चं 'केवळ' झालं होतं. प्रभाकरांनी काळ्या पेनने दुरुस्त करायला घेतलं, पण पाचसहा कार्डांनंतर ती अशी दिसायला लागली की जणू सदस्यच बरखास्त झालाय. शेवटी त्यांनी ती तशीच वाटली. गमऱ्यांनी सोसायटीच्या फळ्यावर खडूने 'हार्दिक अभिनंदन' लिहिलं. जिन्यात भेटणारी माणसं बाजूला सरून वाट देऊ लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने तर त्यांना आपल्या गिझरची तक्रार सांगितली आणि त्यांनी ती ऐकूनही घेतली.

भगवान भोईरने कार्ड उलटसुलट पाहिलं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि म्हणाला, "मस्त साहेब. ऑपरेटर लोकांकडून त्या कमिटीवर मीच हाय. भेटू."

प्रभाकर त्या क्षणाची वाट पाहू लागले. बैठकीत काय बोलायचं याची आंघोळ करताना तालीम सुरू झाली. "अध्यक्ष महोदया," असं बाथरूममधून ऐकू आलं की उत्तराबाई गॅस बारीक करून ऐकत. पण बैठक लागायच्या आधीच गुरुवार उजाडला.

गुरुवारी रात्री आठ वाजता संचिताचं लग्न होतं. रंगूबाईंनी सकाळीच सांगून ठेवलं होतं की संध्याकाळी कुणी आलं तर दार उघडायचं नाही. त्या ठेवणीतलं लुगडं नेसल्या नव्हत्या इतकंच.

आणि दुपारी पालिकेची शिडीची गाडी आली.

माणसांनी काम फार चोख केलं. पालिकेचं काम इतकं चोख होत नाही, असा आपला समज असतो; त्यांना फक्त तक्रार स्पष्ट लागते. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खांबांवरून जे जे लोंबत होतं ते ते त्यांनी कापलं. केबल कापली, इंटरनेटच्या वायरी कापल्या, सोसायटीच्या कॅमेऱ्यांच्या कापल्या आणि कुणीतरी गणपतीत लावलेली दिव्यांची माळही काढून नेली. जाताना गेटवर कागद डकवला: 'श्री. प्रभाकर घाग, रा. प्राजक्त, यांच्या तक्रारीस अनुसरून.'

प्रभाकर संध्याकाळी कामावरून आले तेव्हा गेटापाशी माणसं उभी होती. कुणी बाजूला सरून वाट दिली नाही. गिझरवाला नुसता बघत राहिला. गमरे फळ्यापाशी उभे होते आणि हातात ओला बोळा होता.

"गमरे, हे मी असं मागितलं नव्हतं," प्रभाकर म्हणाले.

"शिक्का तुमच्याच अर्जावर आहे," गमरे म्हणाले. "आणि माझा जावई घरून काम करतो. आजपासून तो आमच्या घरून नुसताच बसलाय."

"अर्ज करा म्हणून तुम्हीच सांगितलंत ना!"

"अर्ज करा म्हटलं. मंजूर करून घ्या असं कुठे म्हटलं?"

घरात वेगळीच निकड होती. उत्तराबाई मोबाइल वरणाच्या डब्याला टेकवून रंगूबाईंना मालिका दाखवायचा प्रयत्न करत होत्या. इंटरनेट नसल्यामुळे सगळी गल्लीच मोबाइलच्या डेटावर तुटून पडली होती आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं.

"हे काय गोल गोल फिरतंय?" रंगूबाईंनी विचारलं.

"येतंय आई, जरा थांबा."

"सप्तपदी लागली काय?"

"नाही हो, अजून यायचंय."

रंगूबाईंनी चष्मा काढला आणि मुलाकडे बघितलं. त्या रागावल्या असत्या तर प्रभाकरांना बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "असूदे. लग्न काय, कुणाचं ना कुणाचं होतच असतं." आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. माणूस ऐंशीच्या घरात असतो, पाय चालत नाहीत, बरोबरीच्या बायका एकेक करून गेलेल्या असतात, आणि दिवसात वाट बघण्यासारखी एकच गोष्ट उरलेली असते. ती आपण शिडी लावून कापली, हे प्रभाकरांच्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. ते बाथरूममध्ये गेले, तोंडावर पाणी मारलं आणि बराच वेळ आतच थांबले. बाहेर आले तेव्हा पलंग रिकामा होता.

"आई कुठे गेली?"

"तुमच्यापाशी नाही?" उत्तराबाई गॅलरीतून आत आल्या.

रंगूबाईंच्या चपला नव्हत्या, काठी नव्हती, चष्मा नव्हता. ज्या बाईंना पलंगापासून मोरीपर्यंत जायला हात लागत असे, त्या दोन जिने उतरून गेल्या होत्या. मग मात्र मघाचा राग कुणी धरला नाही. गमरे बोळा टाकून धावले, गिझरवाला स्कूटर घेऊन स्टेशनकडे गेला. कॅमेऱ्यात बघूया म्हणावं तर कॅमेरे दुपारीच आंधळे झाले होते. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या बाईने शेवटी सांगितलं, "म्हाताऱ्या आजी ना? रिक्षेत बसल्या. भगवानचं घर दाखव म्हणत होत्या."

प्रभाकर चटकन देवळाकडे निघाले. गमऱ्यांनी त्यांचा दंड धरला. "अहो, तो भगवान नव्हे. आपला भगवान!"

भगवान भोईरचं घर जुन्या गावठाणात होतं. आपल्या म्हाताऱ्या आईला आपणच ज्याची केबल कापवली त्याच्या दारातून घेऊन यायचं, ही कल्पना प्रभाकरांना सोसवत नव्हती. तरी ते गमऱ्यांबरोबर जवळजवळ पळतच पोचले. दार सताड उघडं. आत मोठ्या टीव्हीवर सनई वाजत होती. समोर दोन म्हाताऱ्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. एक रंगूबाई, दुसरी भगवानची आई केशरबाई. दोघींच्या मध्ये भाजलेल्या शेंगांचं ताट.

"आई!" प्रभाकरांना दम लागला होता.

"ये रं बाबा, बस," केशरबाई मान न वळवता म्हणाल्या. "गलका नको करू. लगीन लागतंय."

प्रभाकर बसले. आईचा हात जागच्या जागी आहे, शेंगा सोलतोय, हे त्यांनी दोनदा पाहून घेतलं. मग त्यांचं डोकं हळूहळू चालू लागलं. सगळ्या गल्लीची केबल बंद. भगवानचीही केबल त्याच खांबांवरून. मग इथे चित्र कसं? आणि तेही इतकं लख्ख?

भगवान आतून पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि त्यांची नजर कुठे चाललीये ते पाहून जागीच थांबला. खिडकीबाहेर पत्र्यावर डिश अँटेना बसवली होती. छत्रीवाली. त्याच्या धंद्याची उघड वैरीण.

"साहेब," भगवान अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "येक रिक्वेस्ट हाय. बाहेर कुणाला बोलू नका."

"तुझ्याच घरी तुझी केबल नाही?"

"आईला आवडत नाय ना! म्हणते तुझ्या केबलवर नवरी हिरवी दिसते. मी काय करू?" तो त्यांच्याशेजारी टेकला. "निम्मी गिऱ्हाईकं मोबाइलवर गेली साहेब. बाकीची तुमच्यासारखी जुनी, म्हणून चाललंय. परवा तुम्हाला सीनियर म्हटलं ते मस्करीत नाय म्हटलं. तुम्ही जाऊ नये म्हणून म्हटलं."

जिन्यातला तो घाव इतके दिवस प्रभाकरांनी जपून ठेवला होता, त्याच्यावर समिती उभी केली होती, आणि मुळात ती माणसाची काकुळत निघाली.

"मी पालिकेत सांगतो," ते म्हणाले. "वायरी परत टाकायला."

"मी बी येतो."

पडद्यावर मंगलाष्टकं संपली. संचिताच्या गळ्यात माळ पडली आणि या वेळी कुणी मध्ये आलं नाही. दोन्ही म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. केशरबाईंनी सगळ्यांना तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही. गमऱ्यांनी दोनदा वाढून घेतलं आणि अन्न शिजतं तिथे आपण केबलविषयी बोलत नाही, असं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी प्रभाकर आणि भगवान जोडीने प्रभाग कार्यालयात गेले. कारकून म्हणाला वायर परत टाकता येईल, पण आता रीतसर. रीतसर म्हणजे खांबाचं भाडं भरून. भगवानने ते भरलं, वायरी पुन्हा चढल्या, गल्ली पूर्ववत उजळली आणि जावई कामाला लागला. आठवडाभरात ठाण्याची बैठकही लागली.

समीक्षा मॅडमनी पाणी ठेवलं होतं, पेनं ठेवली होती. बेसिक पॅकचा दर नियमाप्रमाणे काढायचा होता आणि समितीत हिशेब येणारा माणूस एकच होता. प्रभाकरांनी अस्तन्या मागे सारल्या. परवान्याचा खर्च धरला, देखभाल धरली, कर धरला, नव्याने आलेलं खांबाचं भाडं धरलं. सगळं नियमाने जे जे धरता येतं ते एक पैसाही न सोडता धरलं, दोनदा ताळा केला, आणि खाली रेघ मारली. उत्तर भगवान घेत होता त्याहून जास्त आलं.

"साहेब, एवढा नको," भगवान घाबरून म्हणाला. "माझी गिऱ्हाईकं पळतील. थोडा खाली घ्या."

"हिशेब म्हणजे हिशेब," प्रभाकर म्हणाले. आपण नक्की कुणाच्या बाजूने आलो होतो याचा त्यांना त्या घटकेला संपूर्ण विसर पडला होता. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा ताळा कधी चुकला नव्हता. "यात एक आकडा असा दाखवा जो चूक आहे."

"चूक नाय हो. जास्ती हाय!"

"जास्त असणं हा दोष नाही," ग्राहकांचे प्रतिनिधी म्हणाले.

मॅडमना फार आनंद झाला. कित्येक वर्षांत त्यांच्या शाखेतून काहीतरी जाहीर होणार होतं. प्रभाकरांनी झोकदार सही केली. सही वाळेपर्यंत त्यांना छान वाटत होतं. इमारतीबाहेर आल्यावर, रिक्षाच्या रांगेत उभं असताना, आपण काय करून बसलो हे हळूहळू अंगावर आलं आणि ते भगवानकडे वळले.

"आता काय रे?"

"आता काय, सरकारी दर," भगवान कपाळावर हात मारून म्हणाला. "तुमचीच सही. मी कमी घेतला तर बाकीचे ऑपरेटर माझी वरात काढतील."

रविवारी सकाळी घागांच्या दारावर थाप पडली. दारात गमरे होते, मागे गिझरवाला होता, त्याच्या मागे जिनाभर माणसं होती. गमऱ्यांच्या हातात अर्ज होता. खाली सगळ्या सोसायटीच्या सह्या होत्या आणि त्यात एक उत्तराबाईंची होती.

"नवीन दर अवाजवी आहे," गमरे म्हणाले. "मॅडमना फोन केला होता. त्या म्हणाल्या, दराविरुद्धची तक्रार आधी ग्राहक प्रतिनिधीकडे द्यायची. म्हणून तुमच्याकडे आलोय."

प्रभाकरांनी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली. चष्मा लावून अर्ज शेवटपर्यंत वाचला. मग तो पुन्हा वाचला, एका जागी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं आणि सुस्कारा सोडला.

"गमरे, तक्रार शंभर टक्के रास्त आहे."

"मग दर कमी करा."

"तसं मला एकट्याला नाही करता येत. समिती लागते."

"पण समिती तुम्हीच ना?"

"समिती मीच आहे हो," प्रभाकर घाग कळवळून म्हणाले. "पण कोरम नको का?"

आतल्या खोलीत रात्रीचा भाग सकाळी पुन्हा लागला होता; तिथून रंगूबाईंचा आवाज आला, "अरे, कोण ओरडतंय बाहेर? भांडायचं तर जिन्यात जाऊन भांडा. संचिताच्या सासूने आत्ताच दार उघडलंय!"

सगळे उठले आणि आवाज न करता, एकामागून एक जिन्यात गेले. शेवटी प्रभाकर गेले. जाताना त्यांनी दार हलकेच लोटून घेतलं.